मामाजींचा बिस्किटाचा डबा: बंदूक साफ करायच्या सामानाचं एक प्रकरण

मे महिन्यातली गोष्ट आहे पण तो वास अजून नाकातून जात नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहून काढतोय. दुपारी साडेतीनच्या सुमारास मी मामाजींच्या गच्चीवर गेलो होतो, कूलरच्या पाण्याची लाइन बघायला. नागपुरातला मे म्हणजे पारा ४४-४५, आणि गच्चीवर जी पत्र्याची खोली आहे तिच्यात तर त्याहून जास्त. दार उघडलं आणि वास आला, रॉकेलचा नाही, जळका पण नाही, नवीन फर्निचरला पॉलिश केल्यावर येतो ना तसा, फक्त त्यात काहीतरी करपल्यासारखं मिसळलेलं. फळीवर मामाजींचा जुना बिस्किटाचा पत्र्याचा डबा होता, झाकण अर्धवट लागलेलं. हात लावला तर चटका बसला. ऊन त्या फळीवर येतच नाही, आणि शेजारचा स्क्रूचा डबा नुसता कोमट होता, तेव्हाच डोक्यात लख्ख झालं की डबा आतूनच तापतोय.

डबा तसाच फडक्यात धरून बाहेर आणला, कूलरसाठी भरलेली बादली होती तिच्यात आतली फडकी उलटी केली. चार बोळे होते, जुन्या धोतराचे. वरून पिवळट, मधला बोळा उघडला तर आतून तपकिरी, जागोजागी काळा. अजून तास-दोन तास तसाच राहिला असता तर काय झालं असतं ते सांगता येत नाही, पण त्याच फळीवर रॉकेलची बाटली होती आणि खाली गाद्या.

आता मागचं सांगतो. मामाजी बहात्तर वर्षांचे, घर नागपूरच्या महाल भागात, शेती कळमेश्वरकडे, संत्र्याचा बगीचा. त्यांच्याकडे परवान्याची बाराबोर दुनाळी आहे, खूप वर्षांपासून. आता वाजवायचं काम जवळपास नाहीच पण बंदुकीवर जीव आहे आणि ती स्वच्छ ठेवतात. २०२४ मध्ये एप्रिलमध्ये लोकसभा आणि नोव्हेंबरमध्ये विधानसभा अशा दोन निवडणुका झाल्या, दोन्ही वेळा बंदूक पोलिसांकडे जमा करायची, परत आणायची, आणि प्रत्येक वेळी जमा करायच्या आधी तेल आणि आणल्यावर साफसफाई, त्यामुळे दर वेळी काहीतरी नवीन सामान विकत आलं आणि जुनं कुठे ठेवलं ते सापडलं नाही म्हणून अजून एक आलं. त्यात त्यांची नात, म्हणजे माझी पुतणी, दहावीत आहे, १० मीटर एअर रायफल खेळते, आणि आता रेंजवर पॉइंट टू-टू (लहान गोळीची रायफल) पण शिकतेय. तिचंही साफसफाईचं सामान त्याच डब्यात. मी स्वतः कॉलेजात एनसीसीत होतो, पुलथ्रू (नळीतून ओढायची दोरी) आणि चिंदी (तिला लावायचा कापडाचा तुकडा) हातात घेऊनच शिकलो, आणि पुतणीच्या रेंजवर शनिवार-रविवारी सामान लावायला मदत करतो, म्हणून मामाजींनी मला आधीच सांगून ठेवलं होतं की एकदा येऊन हे सगळं नीट लावून दे. मी दोन महिने टाळलं. ते टाळायला नको होतं.

त्या दिवशी सकाळी नऊला त्यांनी बंदुकीच्या लाकडी दस्त्याला तेल लावलं होतं. लाकडाला जवसाचं तेल चांगलं हे त्यांना माहीत, आणि ते खरंच आहे, बॅटला लावतात, दस्त्याला लावतात. मी खाली येऊन सांगितलं तर त्यांचा विश्वासच बसेना. म्हणे, "अरे, जवसाचं तेल होय ते, आपण चटणी खातो त्याच जवसाचं. त्याले काय होते?"

विदर्भातल्या माणसाला जवस धोकादायक वाटणं शक्यच नाही, आणि गडबड नेमकी तिथेच होते. जवसाचं तेल हे वाळणारं तेल आहे. वाळतं म्हणजे पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, आणि ही जी क्रिया आहे ती उष्णता सोडते. लाकडावर पातळ थर असतो, उष्णता हवेत निघून जाते, कळत पण नाही. पण तेच तेल सुती फडक्यात शिरलं की प्रत्येक धाग्यावर पसरतं, हवेला लागणारी जागा कैकपट होते, आणि फडक्याचा बोळा करून ठेवला की उष्णता आतच कोंडते, गरम झालं की क्रिया अजून जोरात, अजून गरम, असं करत करत फडकं स्वतःहून पेटू शकतं. काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही. वर हार्डवेअरच्या दुकानात जे मिळतं ते डबल बॉइल्ड, त्यात लवकर वाळावं म्हणून धातूंचे क्षार घातलेले असतात, त्यामुळे ते खाण्याच्या जवस तेलापेक्षा जास्त लवकर तापतं. आणि त्या दिवशी खोलीच आधी तापलेली. बंदुकीचं साधं मिनरल ऑइल असं वाळत नाही म्हणून त्याची फडकी अशी आपोआप तापत नाहीत, पेटवली तर पेटतात, पण आपोआप नाही. म्हणजे एकाच डब्यात दोन तेलकट फडकी दिसायला सारखी आणि वागायला एकदम वेगळी. हे घरात कोणालाच माहीत नव्हतं.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर सगळं सामान खाली आणून ओसरीवर पेपर अंथरून मांडलं. बंदूक मामाजींनी स्वतः काढली, परवाना त्यांचा, किल्ली त्यांच्याकडे, उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे त्यांनी पाहिलं, मला दाखवलं आणि परत कुलपात ठेवली, कारण आपल्याला बंदूक लावायची नव्हती, सामान लावायचं होतं.

डब्याच्या तळाशी दोन काडतुसं निघाली. जुनी, कागदी, फुगलेली. तेलाच्या बाटल्यांमध्ये गडगडत होती. मामाजींचा चेहरा उतरला, त्यांना आठवतच नव्हतं की ती तिथे गेली कधी. साफसफाईच्या सामानात काडतूस नको हे सगळेच सांगतात पण त्याला अजून एक कारण आहे जे कमी लोक सांगतात, पातळ तेल आणि सॉल्व्हंट (नळीतला मळ विरघळवणारं द्रव) काडतुसाच्या टोपीत झिरपलं तर ते काडतूस धड वाजत नाही, आणि न वाजलेलं काडतूस नळीत अडकून बसणं हा वेगळाच धोका. दुसऱ्याच दिवशी मामाजी ती परवाना असलेल्या डीलरकडे घेऊन गेले.

मग पाण्याच्या बाटलीत रॉकेल. साधी प्यायच्या पाण्याची बाटली, लेबलसकट, पाव भरलेली. मामी म्हणाल्या, "हाव, मी तर केव्हाची म्हणत होती, फेका ते म्हणून." उन्हातून आलेलं पोर बाटली दिसली की तोंडाला लावतं, याच्यापुढे बाकी काही बोलायची गरज नाही, ती बाटली त्याच रात्री गेली. पण रॉकेलची दुसरी गोष्ट नागपूरकरांनी ध्यानात घ्यायला पाहिजे. रॉकेलची वाफ पेट घ्यायला लागते ते तापमान साधारण ३८ अंशांच्या आसपास असतं. थंड गावात रॉकेलची बाटली खोलीत ठेवली तर ती त्या रेषेच्या बरीच खाली असते. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखाली ती रेषेच्या वर असते, रोज, तासन्‌तास. थंड हवेच्या गावातले लोक गॅरेजमध्ये ठेवा म्हणून सांगतात ते आपल्याला जसंच्या तसं चालत नाही.

पितळी ब्रशपैकी एक निळसर हिरवा पडून अर्धा गळलेला. त्याचं कारण पण डब्यातच होतं, कोणीतरी ऑनलाइन मागवलेली तांबं काढायच्या सॉल्व्हंटची बाटली. त्यात अमोनिया असतो, तो नळीतलं तांबं विरघळवतो तसा ब्रशमधलं तांबं पण विरघळवतो, ब्रश त्यात बुडवून ठेवला तर ब्रशच जातो, आणि मग चिंदीवर निळं येतं ते बघून माणसाला वाटतं नळीतच अजून घाण आहे आणि तो अजून घासत बसतो. माझं स्पष्ट मत आहे की या घरात त्या बाटलीचं काहीच काम नव्हतं. बाराबोरमध्ये शिशाचे छर्रे, नळीत राहतं ते शिसं आणि प्लॅस्टिकचा थर. पॉइंट टू-टूची साधी गोळी पण शिशाचीच. तांब्याचं आवरण असलेली गोळी इथे कोणी वापरतच नाही.

एवढं बघितल्यावर मी उत्साहात चूक केली ती ही की दुसऱ्या दिवशी सीताबर्डीवरून एक मोठा टूलबॉक्स आणला, तीन मजली ट्रेवाला, आणि सगळं त्यात छान कप्पे करून लावलं. एका ट्रेमध्ये सगळे ब्रश, एकात सगळ्या चिंध्या, खाली सगळ्या बाटल्या. गच्चीवर गरम होतं म्हणून बॉक्स खालच्या बेडरूममध्ये ठेवला, पलंगाखाली. दिसायला इतकं सुंदर की मामाजींनी शेजाऱ्यांना बोलावून दाखवलं.

तीन आठवड्यांत बिघडलं. एकतर त्या बेडरूममध्ये डेझर्ट कूलर, आणि त्याचा झोत थेट पलंगाकडे. बाहेर हवा इतकी कोरडी की ओठ फुटतात पण कूलरच्या खोलीत हवा ओली असते, चादर सुद्धा दमट लागते, म्हणजे आपल्याकडे गंज पावसाळ्याची वाट बघत नाही, मे महिन्यातच कूलर सुरू झाला की सुरू होतो. नळी साफ करायच्या रॉडच्या लोखंडी स्क्रूवर तांबूस पावडर आली होती. दुसरं म्हणजे बाटली आडवी झाली, तेल झिरपलं, आणि खालच्या ट्रेमध्ये पुतणीच्या एअर रायफलची नळी पुसायचे फेल्टचे (दाबलेल्या लोकरीचे) तुकडे होते ते तेलाने भिजले. तिला कळलं नाही, तिने तेच नळीतून घातले, आणि त्या दिवशी प्रॅक्टिसला पहिले आठ-दहा पेलेट (एअर रायफलच्या छोट्या गोळ्या) कुठच्या कुठे. बिचारी दोन दिवस स्वतःची पोझिशन चेक करत होती. नंतर मला म्हणाली, "काका, माझं सामान आबाजींच्या सामानात नको ना ठेवू." तिने एका वाक्यात जे सांगितलं ते मला टूलबॉक्स घेताना सुचायला पाहिजे होतं.

सामान वस्तूप्रमाणे लावायचं नसतं, हत्याराप्रमाणे लावायचं असतं. बाराबोरची नळी आतून साधारण साडेअठरा मिलिमीटर, टू-टूची ५.६, एअर रायफलची ४.५. एकाचा ब्रश दुसऱ्यात जात नाही हे तर दिसतंच, पण खरा फरक द्रवाचा आहे. बाराबोरला सॉल्व्हंट, ब्रश, तेल सगळं चालतं. १० मीटरच्या एअर रायफलमध्ये बारूदच नाही, नळी नाजूक, तिला फेल्टच पुरतं, पितळी ब्रश आणि सॉल्व्हंट लागतच नाही. आणि तिचं सिलिंडर २०० बारपर्यंत हवा भरायचं असतं, तिथे भरायच्या तोंडाजवळ पेट्रोलियमचं तेल किंवा ग्रीस लागलं तर एवढ्या दाबाखाली ते भडकू शकतं, तिथल्या ओ-रिंगला (रबरी कडीला) सिलिकॉन ग्रीसच. म्हणजे मामाजींच्या बोटाला लागलेलं तेल नातीच्या रायफलला धोका. असं सामान एका पेटीत सुखाने राहूच शकत नाही.

मग जूनच्या दुसऱ्या आठवड्यात परत बसलो, या वेळी तिघं, मामाजी, पुतणी आणि मी. मामी चहा देत होत्या आणि मधूनच बोलत होत्या, आणि एक महत्त्वाची गोष्ट त्यांनीच काढली की सामानासाठी जे कपाट आम्ही बघत होतो त्याच्या वरच देवघर आहे, रोज दिवा आणि उदबत्ती, आणि खाली तुम्ही सॉल्व्हंट उघडणार. आम्हा तिघांपैकी एकाच्याही हे ध्यानात आलं नव्हतं. त्यामुळे आधी जागा ठरली, मधल्या खोलीतलं भिंतीतलं कपाट, आतल्या भिंतीचं, कूलर नाही, ऊन नाही, देवघर नाही, कुलूप आहे. बंदूक वेगळ्या कपाटात, काडतुसं तिसऱ्या ठिकाणी.

पुतणीचं सामान तिच्या रायफलच्या केसमध्येच गेलं, एक छोटा प्लॅस्टिकचा क्लिपवाला डबा, त्यात फेल्ट, सिलिकॉन ग्रीसची ट्यूब, मऊ कापड, संपलं. टू-टू रेंजची आहे, तिचं सामान रेंजवरच राहतं, घरी आणायचं नाही असं ठरलं, त्याने एक तृतीयांश पसारा तसाच कमी झाला.

राहिलं बाराबोरचं. छोट्या वस्तूंसाठी इतवारीतून नवीन स्टीलचा मसाल्याचा डबा आणला, सात वाट्यांचा, आणि हे मला फार आवडलं आहे, एका वाटीत जॅग (रॉडचं चिंदी धरणारं टोक), एकात ब्रशचं टोक, एकात लोकरी मॉप, एकात ओ-रिंग आणि स्क्रू, झाकण उघडलं की सगळं एका नजरेत. मात्र नवीनच घ्यायचा आणि पुन्हा कधी स्वयंपाकघरात जाऊ द्यायचा नाही, कारण नळीतून निघणाऱ्या काळ्या मळात शिसं असतं, ते पोटात जायला नको. त्याच कारणाने साफसफाई झाली की साबणाने हात धुवायचे, आणि ओसरीवरचा पेपर गुंडाळून लगेच टाकायचा, त्यावर भाजी निवडायला घ्यायची नाही. डब्यावर लाल नेलपॉलिशने मोठी फुली मारली आहे, मामींना लांबून दिसावी म्हणून. ब्रश वापरला की धुवून पूर्ण वाळवूनच वाटीत जातो, ओला ब्रश बंद डब्यात गेला की तो आणि शेजारचे सगळे खराब.

रॉडला प्लंबरचा पीव्हीसी पाइप, एका टोकाला कायमचं झाकण, दुसऱ्याला काढता येणारं, आणि कपाटाच्या दाराच्या आतून दोन क्लिपांवर उभा. आधी रॉड कोपऱ्यात टेकवलेला असायचा, धूळ बसायची आणि तो हळूहळू वाकायचा, वाकलेला रॉड नळीला आतून घासतो, धुळीचा रॉड तर पॉलिश पेपरसारखा. चिंध्या एकदाच बसून कापल्या, जुनं सुती धोतर धुवून. एनसीसीत आम्हाला साफ करायची चिंदी ४ बाय २ इंच आणि तेल लावायची ४ बाय दीड इंच असं घोकून घेतलं होतं, ती रायफलच्या मापाची, बाराबोरला मोठी लागते, म्हणून एक चिंदी मापात बसली की तिचाच नमुना पुठ्ठ्यावर कापून डब्यात ठेवला. शंभरेक कापल्या. सोबत सिलिका जेलची पुडी, नारिंगी दाण्यांची, हिरवी झाली की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोनेक तास ठेवली की परत नारिंगी.

बाटल्या फक्त दोनच ठेवल्या, एक सॉल्व्हंट, एक तेल, मूळ बाटलीत, मूळ लेबलसकट, उभ्या, स्टीलच्या खोल पातेल्यात, म्हणजे झिरपलं तरी पातेल्यात. उघडल्याची तारीख मार्करने वर. रॉकेल बंद. तेलाबद्दल मामाजींशी थोडा वाद झाला, त्यांचा हात सढळ, आणि बंदूक उभी ठेवली की जास्तीचं तेल खाली उतरून दस्त्याच्या मानेपाशी लाकडात मुरतं, तिथलं लाकूड काळं आणि मऊ पडलंच होतं. आता ड्रॉपरची बाटली आहे, थेंब मोजून.

आणि सगळ्यात जास्त वेळ आम्ही दिला तो घाणेरड्या फडक्यांना. सामान लावणारे सगळे स्वच्छ वस्तूंचा विचार करतात, वापरलेल्या फडक्याला कोणी जागा देत नाही, मग ते जिथे जागा दिसेल तिथे जातं, आणि मामाजींच्या घरी ते रॉकेलच्या शेजारी गेलं. आता दोन व्यवस्था आहेत. नळीतल्या काळ्या चिंध्या झाकणाच्या छोट्या पत्र्याच्या डब्यात, आणि तो दर वेळी रिकामा होतो. जवसाच्या तेलाचं फडकं मात्र हातातून सुटलं की सरळ गच्चीच्या तारेवर, सावलीत, एकेक वेगळं, पूर्ण पसरून, घडी नाही, एकावर एक नाही. दोन-तीन दिवसांत ते पापडासारखं कडक होतं, मग कचऱ्यात. तारेवर टाकायला लगेच जमणार नसेल तर पाण्याने भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवून, नंतर तारेवर. त्यासाठी मामाजींनी तोच बिस्किटाचा डबा ठेवला, आतून अजून काळा डाग आहे त्यावर, म्हणाले हाच राहू दे, दिसला की आठवते. घरात रंगकाम निघालं तेव्हा पॉलिशवाल्या पोराला पण त्यांनी तोच डबा काढून दाखवला आणि फडकी त्यातच टाकायला लावली.

पावसाळा पूर्ण गेला. जुलै, ऑगस्टमध्ये दर पंधरा दिवसांनी मी गेलो की कपाट उघडून बघायचो, सिलिका दोनदा भाजावी लागली, ब्रश ठीक, रॉड ठीक. एकदा पातेल्यात तेलाचे चार थेंब सापडले, झाकणाचं रबर गेलं होतं, बदललं.

खंडेनवमीला बंदूक पूजेसाठी निघाली. दर वर्षी हळदीकुंकू नळीवर लागायचं, ओल्या बोटाने, आणि दसऱ्याच्या गडबडीत दोन-तीन दिवस तसंच राहायचं, त्या बोटांचे तांबूस ठसे नळीवर अजून आहेत, मोजून पाच. या वेळी मामींनी स्वतःच कुंकू दस्त्यावर लावलं, नळीवर फक्त फूल ठेवलं, ते पण कोरडं करून. रात्री मामाजींनी कपाट उघडलं, मसाल्याचा डबा काढला, रॉड काढला, चिंदी घातली, दोन्ही नळ्यांतून एकेकदा फिरवली आणि ट्यूबलाइटखाली धरली. पांढरीच होती. त्यांनी ती चिंदी मला दिली, पुतणीला दाखवली, मग चष्मा लावून स्वतः परत पाहिली.